युद्ध संपलं पुण्यात, तह अडला सातपुड्यात

अभ्यासिकेत एमपीएससीच्या नोट्स काढताना ‘१८१८ : पेशवाईचा शेवट’ ही ओळ आपण सगळेच हायलाइट करतो आणि पान उलटतो. मीही तेच करायचे. पण त्यानंतर आपल्या खानदेशात काय झालं ते वाचायला घेतलं, आणि पान काही उलटेना.

जिंकल्यावर इंग्रजांनी तलवारीइतकंच कागदाने काम केलं. ११ फेब्रुवारी १८१८ ला एल्फिन्स्टनने साताऱ्यात जाहीरनामा काढला : पेशव्याचं राज्य गेलं, पण वतनं, इनामं, देवस्थानांचं उत्पन्न चालू राहील. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवलं. जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, त्याला वर्षाला ८ लाख रुपये पेन्शन आणि बिठूरला मुक्काम. एवढी रक्कम कंपनीच्या वरिष्ठांनाही खटकली होती. त्यात बाजीराव जगला थेट १८५१ पर्यंत!

आपल्याकडे मामला वेगळा. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडून दिला. तहानुसार तापीकाठचं थाळनेर रिकामं व्हायचं होतं. पण किल्ल्याच्या दारातच चकमक उडाली, इंग्रज अधिकारी पडले. मग हिस्लॉपने किल्लेदाराला फासावर चढवलं आणि आतली शिबंदी कापली गेली. साताऱ्यात जाहीरनामा निघाला, त्याच महिन्यातली ही गोष्ट.

आणि डोंगरातले भिल्ल नाईक? घाटवाटा राखायच्या, गावांची राखण करायची, बदल्यात ठरलेला हक्क घ्यायचा, ही त्यांची जुनी रीत. त्यांच्याशी बोलायला मात्र आधी फौज आली. धुळ्यात कलेक्टर ब्रिग्ज बसला, तुकड्या जंगलात शिरल्या, त्यातले कितीतरी शिपाई तर हिवतापानेच आडवे झाले. उठाव थांबेनात.

शेवटी १८२५ मध्ये, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, धोरण बदललं. तीन भिल्ल एजन्सी निघाल्या, त्यातली एक आपल्या नंदुरबार-सुलतानपूर भागासाठी. माफी, जमीन, बैलांसाठी तगाई, नाईकांना पेन्शन. धरणगावला औट्रॅमने भिल्ल पलटण उभी केली. त्यासाठी तो भिल्लांसोबत वाघाच्या शिकारीला जायचा, त्यांच्या पंगतीला बसायचा. माणूस हुशार, यात शंका नाही. पण बाजीरावाला जे पहिल्याच वर्षी मिळालं, त्यासाठी इथल्या लोकांना सात वर्षं लढावं लागलं, हे मला अजून पचत नाही.

बरं, दोन्हीकडचे सौदे टिकले का? बाजीरावाच्या मृत्यूनंतर कंपनीने पेन्शन बंद केलं; त्याचे दत्तकपुत्र नानासाहेब १८५७ मध्ये कानपूरला उठले. त्याच वर्षी सेंधव्याचा घाट राखायला कंपनीनेच नेमलेला खाज्या नाईक आपल्या माणसांसह उलटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला त्याची इंग्रजांशी लढाई झाली, याच सातपुड्यात.