पिशवी काढण्याआधी एवढं तरी विचारा

शिराळा : "अंगावरून फार जातंय, पिशवीच काढून टाकू." शिराळ्यात, कोकरूडला, मांगल्यात, आपल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येतं. बोलणारी बाई कधी कधी पस्तिशीचीही नसते.

आपल्या भागात ऊस तोडायला बीडहून टोळ्या येतात. त्या बायकांचं काय झालं ते आठवा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडला की मजुरी बुडते, म्हणून अनेकींनी हा मार्ग धरला. आपल्याकडं कारण वेगळं असतं: लाज, आणि एकदाचा त्रास संपावा ही घाई.

नेहमीची पाळी साधारण २१ ते ३५ दिवसांनी येते आणि सात दिवसांच्या आत थांबते. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, जिना चढताना धाप लागत असेल, तर दाखवायलाच हवं. आपल्या भगिनी नमाज-रोज्यासाठी हैजचे दिवस मोजतातच. तोच हिशोब कागदावर लिहून न्या, डॉक्टरला त्याचा मोठा उपयोग होतो. फक्त एक घोटाळा टाळा. हनफी मसलकात हैजची मुदत जास्तीत जास्त दहा दिवस आहे, पण तो इबादतीचा हिशोब झाला; दवाखान्यात जायला दहा दिवस थांबायची गरज नाही. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी रक्त थांबत नसल्याचं थेट हुजूर (स.) यांना विचारलं होतं. मग आपण डॉक्टरीणबाईंपुढं का लाजायचं?

जास्त जाण्याची कारणं अनेक: फायब्रॉइडच्या गाठी, थायरॉइड, हार्मोनचा बिघाड, तांबी. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी. बऱ्याच जणींना गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या साधनानं आराम पडतो. ऑपरेशन सांगितलंच तर विचारा: कशासाठी? औषधानं भागेल का? अंडाशय ठेवणार की काढणार? कमी वयात अंडाशय गेलं की पाळी एकदम बंद होते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोकाही वाढतो. काही वेळा, कॅन्सरसारख्या आजारात, पिशवी काढावीच लागते. तिथं उशीर नको. शंका असेल तर रिपोर्ट घेऊन मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दुसरं मत घेता येतं.

पांढरं जाणं हा प्रत्येक वेळी आजार नसतो. वास नसलेलं, पातळ असेल तर काळजी नाही. दह्यासारखं जाऊन खाज येत असेल तर बहुतेक बुरशी असते, तिला औषध आहे. वारंवार होत असेल तर साखर तपासा. घाण वास किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर नवऱ्यालाही औषध लागू शकतं. हे त्याला सांगावंच लागतं.

अम्मी-खालांसाठी खास : पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, किंवा संबंधानंतर रक्त आलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. काही मिनिटांचं काम आहे.

आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहानं लोह अंगी लागत नाही.