एकच ओळ बदलायची होती

आमच्या आत्याचे नाव सातबाऱ्यावरून गळले, ते कोणी मुद्दाम गाळले नव्हते. जमीन डहाणू तालुक्यातली. चिकूची काही झाडे आणि भाताची दोन खाचरे, एवढाच कारभार. पूर्वी दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन होई. जुना कागद नोंदींनी भरून गेला की तलाठी सगळे पुस्तकच नव्याने उतरवून काढी. उतरवताना डोळा एका ओळीवरून पुढच्या ओळीवर घसरला आणि आत्या कागदावरून नाहीशी झाली. प्रत्यक्षात ती तलासरीला सासरी सुखरूप होती आणि दर दिवाळीला येऊन आमच्याशी भांडतही होती!

हे आठवले ते तिच्या नातवामुळे. तो संगणकाची कामे करतो. दोन्ही घरच्या चिकूचा हिशेब त्याने एका वेबपानावर मांडून दिला. म्हणाला, "काका, पूर्वी एक आकडा बदलला तरी अख्खे पान नव्याने मागवावे लागे. पडदा पांढरा होई आणि आपण वाट बघत बसायचे." १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान जागेवर ठेवून आतल्या आत निरोप धाडायची सोय आली. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' असे नाव दिले. प्रत्येक नोंदीला आपला क्रमांक असतो. तो क्रमांक आणि नवा आकडा, एवढेच सर्व्हरकडे जाते. तिथे तेवढी एक ओळ बदलते, होकार परत येतो आणि पानावरचा तेवढाच चौकोन बदलतो. बाकीच्या ओळींना हातच लागत नाही. मला वाटले, आमच्या तलाठ्याला ही युक्ती मिळायला हवी होती.

पण वाचकहो, गंमत पुढेच आहे. तलासरीच्या ओटीवर बसून मी १४ पेट्यांच्या ४१ केल्या. चौकोनात ४१ दिसले, मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो पुन्हा १४! गुजरातच्या सीमेवर फोनची रेंज नवख्या सुनेसारखी, कधी इकडे तर कधी तिकडे. निरोप वाटेतच हरवला होता. पान झटपट वाटावे म्हणून पोराने होकाराची वाट न पाहता आकडा आधीच बदलून दाखवला होता. आता त्याने दुरुस्ती केली आहे. होकार येईपर्यंत आकडा फिकट राहतो. आला नाही तर जुना आकडा लाल होऊन परत येतो. तीच ओळ मी आणि सौ. एकाच वेळी बदलू लागलो, तर दुसऱ्याला अडवले जाते: तुम्ही पाहिल्यानंतर ही नोंद बदलली आहे, आधी नवी पाहा. (घरात ही सोय कधी होणार, कोण जाणे.)

महसुलाच्या जुन्या रीतीत हा सावधपणा होताच. फेरफार आधी नमुना ६ मध्ये लिहायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला १५ दिवस द्यायचे, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलायचा. जुने नावही खोडत नसत, त्याला कंस करत. या मुलखात त्या विलंबाचे मोल मोठे आहे. १९४५ मध्ये याच तालुक्यांतले वारली गोदावरी परुळेकरांबरोबर वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने जमीन कशी जाते, हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगावे लागत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती १९६६ च्या जमीन महसूल संहितेतल्या कलम ३६-अ मुळे. ओळ क्षणात बदलता येते म्हणून ती क्षणात बदलू द्यावी असे नाही, हे माझे मत.

आत्याची ओळ त्याच संहितेच्या कलम १५५ खाली, लेखनप्रमाद म्हणून परत आली. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो, तो नातवाने पडद्यावर उघडला. तिला वाचता येत नाही. त्याने तिचे बोट धरून नावावर ठेवले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग मला विचारले, "अरे, हे माहेरचे नाव लावलेय की सासरचे?"