इंजिन थांबले, तर विमान किती दूर जाईल?

श्रोते हो, मुकुटबनच्या शिवारावर पंख न हलवता तरंगणारी घार तुम्ही पाहिलीच असेल. इंजिन थांबलेले विमानही धोंड्यासारखे पडत नाही. ते उतरत उतरत पुढे जाते. पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात तर बिनइंजिनाचीच विमाने उडवायला शिकवली गेली.

पण वेग नेमका हवा. घाबरून नाक वर धरले, की वेग मंदावून पल्ला घटतो. फारच मंदावला, तर पंखांचा आधार सुटतो. वेग फार वाढवला, तर हवेच्या अडथळ्यातच उंची खर्ची पडते.

हा मधला वेग संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये बिनधोक शोधता येतो. इंजिन मंद करा, वेग एकसारखा ठेवा आणि मिनिटात किती उतरलो ते लिहा. सेसना 172 हे लहान विमान ताशी 120 किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला 2000 मीटर जाताना सुमारे 220 मीटर उतरते. भागाकार आला 9. निरनिराळ्या वेगांनी हेच करा. भागाकार सर्वांत मोठा येईल, तो उत्तम वेग. चढाईसाठी इंजिन पूर्ण चालवा आणि मिनिटात सर्वाधिक उंची कोणता वेग देतो, ते पाहा.

आता हिशेब मांडा, गुरुजी: वारा नसता 600 मीटरवरून विमान पाच किलोमीटरांवर जाईल. तेवढ्यात मोकळे शेत गाठता येते. मात्र तो आकडा वैमानिकाला आधीच पाठ हवा, बरं का!