छायाचित्रकार एस्थर बबली : पगारी कॅमेरा, स्वतंत्र नजर

जन्म : १९२१, फिलिप्स, विस्कॉन्सिन (अमेरिका). निधन : १९९८, न्यूयॉर्क.

सुरुवात : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनमधील सरकारी छायाचित्र विभागात डार्करूम साहाय्यक. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी तिची नजर ओळखली.

पहिले मोठे काम (१९४३) : ग्रेहाउंड बसमधून मध्यपश्चिम आणि दक्षिणेकडील राज्यांतून प्रवास. पेट्रोल आणि टायरचे रेशनिंग असल्याने बसगाड्या ओसंडून वाहत होत्या. ताटकळणारे प्रवासी, सुट्टीवरचे सैनिक, थकलेल्या आया हेच तिचे विषय.

कंपनीची नोकरी : स्ट्रायकर यांच्या पाठोपाठ ती स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) या कंपनीच्या प्रकल्पात गेली. हेतू कंपनीची प्रतिमा सुधारण्याचा; पण टेक्सासमधील टॉमबॉल या तेलगावात (१९४५) बबलीने तेलविहिरींइतकेच तिथल्या माणसांचे जगणे टिपले. १९४७ मध्ये पुन्हा बसप्रवासावर मालिका.

पुढे : ‘लाइफ’ आणि ‘लेडीज होम जर्नल’ या नियतकालिकांसाठी छायाचित्रकथा, पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाची प्रसिद्ध मालिका (१९५१).

मुंबईशी धागा : छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी मांडलेल्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ (१९५५) या छायाचित्र प्रदर्शनात तिची छायाचित्रे होती. जगभर फिरलेले हे प्रदर्शन १९५६ मध्ये मुंबईतही आले.

महत्त्व : व्यावसायिक काम म्हणजे दुय्यम काम, हा समज बबलीने खोटा ठरवला. पैसे कंपनीचे असले, तरी चौकटीत कोणाला जागा द्यायची हे तिनेच ठरवले. युद्धकालीन अमेरिकेतील सामान्य माणूस पाहायचा असेल, तर तिची छायाचित्रे पाहायलाच हवीत.