उडत्या फवारणी यंत्रास चुंबळ हवी

राजगडाच्या पाली दरवाज्याकडे जाणारी वाट ज्या गावावरून चढते, त्या पालीच्या शिवारात भाताची खाचरे लहान असून एकाखाली एक अशी पायऱ्यांसारखी उतरत गेलेली आहेत. गेल्या खरिपात खोडकिड्याचा उपद्रव दिसताच आम्ही फवारणीसाठी भाड्याने ड्रोन आणविले. पहिल्या दोन फेऱ्या यथास्थित पार पडल्या. तिसऱ्या फेरीत मात्र चालकाने काही न करिताच यंत्र दोन पुरुष उंच चढले, आणि औषधाचे तुषार वाऱ्याबरोबर खालच्या खाचराकडे वाहू लागले. तेथे बाया बेणणी करीत होत्या. चालकाने तत्काळ फवारा बंद केला व यंत्र खाली उतरविले, म्हणून अनर्थ टळला.

यंत्र उघडून पाहता दोष क्षुल्लक निघाला. एका पात्याची कड उडालेली होती, आणि उड्डाण-नियंत्रकाच्या डबीखालील रबरी गाद्या औषधाने व उन्हाने लाकडासारख्या कडक झाल्या होत्या. एवढ्याशा कारणाने असे का व्हावे, हे वाचकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या डबीत गती व कल ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. आपण चढतो आहो की पडतो आहो, हे यंत्रास मुख्यतः त्यांच्यावरूनच कळते. परंतु यंत्राची खरी हालचाल कोणती व मोटारीचा हादरा कोणता, हा भेद संवेदकास आपण होऊन करिता येत नाही. हादरे अतिशय वाढले म्हणजे मोजमाप चुकते. यंत्र खाली पडत असल्याचा भ्रम उत्पन्न होतो आणि ते सावरण्यासाठी वर चढू लागते. बहुतेक फवारणी ड्रोन विजेरीवर चालतात. पेट्रोल इंजिन बसविलेल्या यंत्रात हादरा अधिकच असतो. पाठीवरचा पेट्रोल पंप ज्याने वागविला आहे, त्यास हे निराळे सांगावयास नको.

यावरील उपाय आपल्या घरातलाच आहे. पाण्याची घागर डोक्यावर घेताना बाई खाली चुंबळ ठेविते. पावलांचा धक्का चुंबळीत जिरतो. संवेदकाच्या डबीसही तशीच चुंबळ हवी. मात्र ती किती मऊ असावी, याचा हिशेब आहे. पाते मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर असंतुलित पात्याचा हादरा सेकंदास ५० वेळा बसतो. गादीवर ठेविलेली डबी स्वतःच्या लयीने सेकंदास ३५ हून कमी वेळा डुलत असेल, तरच हादरा घटतो. लय ५० च्या जवळ असल्यास उलट वाढतो. डबीच्या भाराने गादी दीड मिलिमीटर दबली, तर ती लय सुमारे १३ येते, आणि ढोबळ हिशेबाने हादऱ्याचा चौदावा हिस्साच आत पोहोचतो. डबी फार हलकी असल्यास गादी दबत नाही. अशा वेळी तिला थोडे वजन जोडितात. परंतु गादी अतिशय मऊ केल्यास डबी स्वतःच डोलू लागते व यंत्राची चाल तिला उशिरा कळते. तसेच डबीकडे जाणाऱ्या तारा ताठ बांधल्यास हादरा तारांवाटे आत शिरतो; म्हणून त्यांस सैल वळसा द्यावा.

तथापि गादी हा दुसरा उपाय होय. पहिला उपाय मुळाशी करावा. टवका उडालेले पाते बदलावे, पाती तोलून घ्यावी, भुजांचे बोल्ट आवळावे, मोटारीचे बेअरिंग खडखडते काय ते पाहावे. हंगामापूर्वी गाद्या बोटाने दाबून पाहाव्या व कडक झालेल्या बदलाव्या. नंतर टाकीत औषधाऐवजी साधे पाणी भरून माणसांपासून दूर यंत्र उडवावे व हादऱ्याची नोंद वाचावी. ‘आर्डूपायलट’ या प्रचलित प्रणालीत हा आकडा सेकंदवर्गास ३० मीटरच्या आत असल्यास सामान्यतः ठीक मानितात. ६० च्या वर गेल्यास यंत्र उडवू नये. येथे एक इशारा देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो: ‘ड्रोन नियम, २०२१’ अन्वये प्रमाणित झालेल्या यंत्रात मालकाने मनाने फेरफार करू नये, गादी बदलणे ती निर्मात्याच्या सूचनेप्रमाणेच बदलावी.

हे यंत्र आपल्या जिल्ह्यास आता नवखे राहिले नाही. गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा राज्यातील पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे झाला. २०२३ साली केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांस ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. ज्यांनी आजवर डोक्यावर चुंबळ ठेवून पाणी वाहिले, त्यांच्याच हाती हे यंत्र येत आहे. तेव्हा भाड्याचा दर ठरविताना पात्यांची व गाद्यांची स्थितीही विचारावी, आणि खालच्या खाचरात माणूस असेल तोवर यंत्र उडू देऊ नये, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंती आहे.