बी.एस्सी. गणित : आकडेमोड नव्हे, पुरावा मागण्याचे शिक्षण

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न फिरतो. इंजिनिअरिंगला नंबर लागला का? नाही लागला तर फार्मसी, नर्सिंग, नाहीतर सरळ स्पर्धा परीक्षेचा क्लास. अशा वेळी एखाद्या मुलीने "मी गणित घेऊन बी.एस्सी. करते" म्हटले, तर घरचे आणि विहारातले वडीलधारेही विचारतात, "त्याचं पुढं काय होतं गं?" प्रश्न काळजीपोटीच असतो. पण त्याचे नीट उत्तर आपल्याकडे कोणी देत नाही, आणि मग चांगली गणिती बुद्धी असलेली मुले दुसऱ्याच वाटेला लागतात. ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात आपल्याच प्रश्नापासून

२०१८-१९ मध्ये '१३ पॉइंट रोस्टर'विरुद्ध देशभर आंदोलन झाले. आपल्यातले अनेक जण त्यात होते. पण रोस्टरमुळे नेमके काय बुडत होते, हे किती जणांना कागदावर मांडून दाखवता आले असते?

हिशेब असा. अनुसूचित जातींचे आरक्षण १५ टक्के. १०० ला १५ ने भागले की ६.६७ येतात. म्हणजे पहिला पूर्ण वाटा सातव्या पदावर भरतो. ओबीसींचे २७ टक्के, म्हणून त्यांचा वाटा चौथ्या पदावर. अनुसूचित जमातींचे ७.५ टक्के, म्हणून त्यांचा वाटा थेट चौदाव्या पदावर.

आता एका विद्यापीठात दहा विभाग आहेत आणि प्रत्येकात सहा पदे आहेत असे समजू. एकूण ६० पदे. सगळे विद्यापीठ एक धरले तर अनुसूचित जातींना ९, जमातींना ४ आणि ओबीसींना १६ पदे मिळतात. पण प्रत्येक विभाग वेगळा धरला तर? सहा पदांच्या विभागात सातवे पद कधी येतच नाही. अनुसूचित जातींना शून्य, जमातींना शून्य, ओबीसींना विभागागणिक एक म्हणजे १०. टक्केवारीला कोणी हात लावला नाही, फक्त मोजण्याचे एकक बदलले आणि आरक्षण नाहीसे झाले. आंदोलनानंतर २०१९ मध्ये केंद्राने कायदा करून केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठी पुन्हा संपूर्ण संस्था हेच एकक ठरवले.

अन्याय नेहमी शिवी देऊन येत नाही. कधी तो भागाकारातल्या अपूर्णांकात लपून येतो. तो पकडायला गणित समजणारी माणसे चळवळीत लागतात. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. शेतीच्या लहान तुकड्यांवरचा १९१८ चा निबंध असो की रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ, ते आकड्यांच्या मैदानात उतरून वाद घालत होते.

पदवीला नेमके काय शिकवतात?

शाळेतले गणित म्हणजे सूत्र, किंमत, उत्तर. पदवीचे गणित तिथे थांबत नाही. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि बीजगणित ओळखीचे वाटते. पुढे रिअल अॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॉम्प्लेक्स अॅनालिसिस असे विषय येतात आणि प्रश्नाची भाषाच बदलते. "उत्तर काढा" कमी होते, "सिद्ध करा" वाढते.

फरक एका उदाहरणात पाहू. एखादी संख्या घ्या, तिला तिनेच गुणा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. शून्य घेतले तर ४१. एक घेतले तर ४३. दोन घेतले तर ४७. तीन घेतले तर ५३. सगळ्या मूळ संख्या. असे करत ३९ पर्यंत जा, चाळीसही वेळा मूळ संख्याच येते. कोणीही म्हणेल, नियम सापडला! पण ४० घेतले की उत्तर येते १६८१, आणि ते आहे ४१ गुणिले ४१. नियम मोडला.

चाळीस उदाहरणे जुळली म्हणून विधान खरे ठरत नाही, हा पदवीच्या गणिताचा पहिला धडा. मग खरे कसे ठरते? दोन विषम संख्यांची बेरीज सम का असते ते पाहा. प्रत्येक विषम संख्या म्हणजे काही जोड्या आणि वर एक सुटा. दोन विषम संख्या एकत्र केल्या की दोन सुटे मिळून आणखी एक जोडी होते. सुटा उरत नाही. एकही आकडा न घेता हे सगळ्या विषम संख्यांसाठी सिद्ध झाले. यालाच प्रूफ म्हणतात.

कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका. कालाम सुत्त गणिताविषयी नाही, ते कुशल-अकुशल कर्म स्वतः पारखण्याविषयी आहे. पण गणिताच्या वर्गात ही सवय रोज लागते. तिथे प्राध्यापकाचा अधिकार चालत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाने मांडलेले चूक असेल आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीने मांडलेले बरोबर असेल, तर तिचेच बरोबर. ही सवय आपल्याही दाव्यांना लावावी लागते. 'शून्यतेतून शून्याचा शोध लागला' असे फॉरवर्ड आले, तर ते आपल्या अभिमानाचे आहे म्हणून पुढे पाठवायचे की आधी पुरावा विचारायचा?

अडचणी कुठे येतात?

पहिली अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तक परके वाटते. त्यावर उपाय आहे. गणिताच्या इंग्रजीत शब्द मोजकेच असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. व्याख्या इंग्रजीत पाठ करा, पण तिचा अर्थ वहीत मराठीत लिहा आणि प्रत्येक व्याख्येला एक बसणारे व एक न बसणारे उदाहरण शोधा.

दुसरी अडचण धीर सुटण्याची. शाळेत गणितात नव्वद मिळवणाऱ्याला अॅनालिसिसच्या पहिल्या परीक्षेत चाळीस मिळतात आणि "हे आपल्यासाठी नाही" असे वाटू लागते. आपल्या मुलांना हे वाक्य बाहेरूनही ऐकवले जाते, म्हणून ते लवकर खरे वाटते. तो धक्का जवळजवळ सगळ्यांनाच बसतो. एका सिद्धतेवर दोन दिवस अडकणे हा या अभ्यासाचाच भाग आहे.

तिसरी चूक गाइड पाठ करण्याची. त्याने परीक्षा निघते, पण पुढची प्रवेश परीक्षा निघत नाही.

पुढे काय?

आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीत पदव्युत्तर प्रवेशासाठी 'जॅम' ही परीक्षा असते. गणिताचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. अभ्यासक्रम पदवीचाच असतो, म्हणून दुसऱ्या वर्षापासून तयारी करता येते. अनुसूचित जाती-जमातींना आणि मुलींना शुल्कात सवलत असते. बारावीनंतरच गणिताकडे जायचे असेल तर भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि पुण्यासह इतर ठिकाणच्या आयसर संस्था आहेत. त्यांच्या प्रवेश परीक्षांची माहिती अकरावीतच घ्यावी.

पदवी करताना 'एमटीटीएस' या उन्हाळी प्रशिक्षणासाठी जरूर अर्ज करा. १९९३ पासून चालणाऱ्या या कार्यक्रमात पाठांतराऐवजी विचार करायला शिकवतात.

एम.एस्सी.नंतर नेट-सेट, पीएच.डी., अध्यापन. सोबत संख्याशास्त्र घेतले तर भारतीय सांख्यिकी सेवा, विमा क्षेत्रातील अॅक्च्युअरी आणि डेटाचे काम हेही मार्ग खुले होतात. बी.एड. करून शाळेत शिकवणे हे तर कमीपणाचे मुळीच नाही. वस्तीतल्या शाळेला चांगला गणिताचा शिक्षक मिळाला की एक पिढी गणिताला घाबरायची थांबते.

पैसे आणि कागदपत्रे

महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्रीय संस्थांसाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा हक्क मिळाला आहे, पण कागद वेळेवर नसेल तर तो हक्क खिडकीवरच अडतो. म्हणून बारावीतच हे प्रमाणपत्र काढून ठेवा.

विहारांनी काय करावे?

आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, ती असावीतच. त्याच कपाटात पदवीच्या गणिताची चार पुस्तके ठेवता येतील. रविवारी वंदनेनंतर तासभर फळा मोकळा ठेवता येईल. पदवीची मुले अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतील, आणि शिकवताना त्यांचे स्वतःचेही पक्के होईल. यासाठी देणगीची गरज नाही, खडू आणि सातत्य पुरे.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंदचा पाया घातला, तेव्हा आपली मुले केवळ नोकरीपुरती शिकावीत एवढाच हेतू नव्हता. ज्ञानाच्या प्रत्येक शाखेत ती उभी राहावीत, असा होता. पुढचे रोस्टर कागदावर येईल तेव्हा त्यातला अपूर्णांक वाचू शकणारा कोणीतरी आपल्या विहारातून गेलेला असावा. यंदा तुमच्या वस्तीतली एखादी मुलगी "गणित घेते" म्हणाली, तर "पुढं काय?" विचारण्याआधी तिला म्हणा, "घे, आम्ही आहोत."

जय भीम! नमो बुद्धाय!