झुंजणाऱ्या यंत्राचें अंग आणि बळ

पवईच्या आय. आय. टी.मधील टेकफेस्ट हा विज्ञानोत्सव 1998 सालीं सुरू झाला. त्यांतील यंत्रमानवांच्या झुंजी पाहून आलेले तरुण घरीं तसलें यंत्र करूं पाहतात. वसई-विरारकडील मुलास या कामीं मोठी सोय आहे. वालीव, सातिवली, गोखिवरें येथील गाळ्यांत पत्रा कापणारा, लेथ चालविणारा, वेल्डिंग करणारा असे सर्व कारागीर जवळच सांपडतात. परंतु त्यांना नेमकें काय सांगावें हें ठरलेलें नसतें, आणि तें पैशास व प्रसंगीं जिवासहि भारी पडतें.

या झुंजी कुस्तीप्रमाणें वजनाच्या गटांत होतात. म्हणून जाड लोखंडाचा मोह प्रथम आवरावा. 30 सेंटिमीटर चौरस व 3 मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा दोन किलोंहून अधिक भरतो. तेवढाच ॲल्युमिनियमचा पाऊण किलोच्या आंत. तितक्याच वजनांत जवळजवळ तिप्पट जाडी मिळते, आणि जाडीनें ताठपणा फार झपाट्यानें वाढतो. तेव्हां सांगाडा ॲल्युमिनियमचा असावा. मात्र प्रतिस्पर्ध्याचें पातें जेथें बसणार तेथें हा धातु मऊ पडतो. त्या बाजूस कठीण पोलादाची तिरकी पाटी बोल्टांनीं बसवावी; वेल्डिंगच्या आंचेनें अशा पोलादाचें पाणी उतरतें.

मोटरीची निवड याहून नाजूक. भंगारांत मिळणारी वायपरची मोटर स्वस्त व दणकट खरी. पण मिनिटास साठेक फेरे म्हणजे 10 सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर सेकंदास जेमतेम 31 सेंटिमीटर चाल. एवढ्यांत मार बसून गेलेला असतो!

मग किती बळ हवें? 15 किलोंचें यंत्र, पकड चांगली असली तरी, सुमारें 12 किलोंच्या जोरानेंच ढकलूं शकतें. पुढें चाकें घसरतात. त्रिज्या 5 सेंटिमीटर व मोटरी दोन असल्यास प्रत्येकीच्या वांट्यास 30 किलो-सेंटिमीटर पीळ येतो. मोटर अडून थांबण्यापूर्वीं चाक घसरलें पाहिजे, हें येथील मर्म. अडलेली मोटर सर्वांत अधिक प्रवाह ओढते, काम कांहींच करीत नाहीं, आणि ती सारी शक्ति उष्णता होऊन तिचें वेटोळें जाळते. यास्तव गिअर असा घ्यावा कीं अडतेवेळचा पीळ याच्या निदान दुप्पट भरेल.

फिरत्या चकतीचा हिशेब निराळा. दोन किलोंची, 30 सेंटिमीटर व्यासाची चकती मिनिटास 3000 फेरे घेऊं लागली म्हणजे तिच्यांत सुमारें 1100 जूल शक्ति सांठते. एक क्विंटल ओझें मीटरभर उचलण्यास ती पुरेल. फेरे दुप्पट केले तर शक्ति चौपट होते. चकती मोटरीस थेट न जोडतां पट्ट्यानें फिरवावी. आघाताच्या क्षणीं पट्टा घसरतो व मोटर वांचते.

ही चकती चाळीच्या गॅलरींत अथवा गच्चीवर कदापि फिरवूं नये. चांचणी जाड पॉलिकार्बोनेटच्या बंदिस्त रिंगणांतच व्हावी, आणि रिंगणाबाहेर बॅटरी जोडतांना चकतींत अडसराची खीळ घातलेली असावी.